लाइन मोकळी ठेव

माझ्या वडिलांचा फोन अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. संपतो म्हणजे तेच तो संपवतात. "बरी हाईस का? मी बी बरा हाय. ठेवतो, लाइन मोकळी ठेव." की कट. इकडे साताऱ्यात मी एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात मुका फोन घेऊन उभी. लाइन मोकळी ठेवायची ती कुणासाठी, हे एकदा विचारायचं आहे. पण ते विचारायलाही लाइन लागते.

तसा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तात्या फौजेत सिग्नलमध्ये होते, टेलिफोन एक्स्चेंजवर. त्या काळी बाहेर जाणारी लाइन एकच आणि घरी बोलायला आलेल्या जवानांची रांग दारापर्यंत. एकेकाला जोडून द्यायचं, वेळ झाली की "चलो भाई, लाइन छोडो" म्हणायचं आणि तरीही नाही सोडली तर बोर्डातली जोडणीची दोरी उपसायची. पलीकडं कुणाची बायको रडत असायची, कुणाचं लेकरू नुकतंच 'बाबा' म्हणायला शिकलेलं असायचं. ते सगळं यांच्या कानावरून जायचं आणि हात मात्र दोरीवर. नोकरीभर ज्यानं लोकांची घरं अशी जोडली आणि तोडली, त्याला फोनवर निवांत गप्पा मारा म्हणून सांगणार कोण? मी सांगून बघितलं. उत्तर आलं, "रांग असती गं मागं."

आई होती तोवर यातलं काहीच अडत नव्हतं. ती रोज दिवेलागणीला, देवापुढं निरांजन लावलं की फोन करायची. तिच्या बोलण्याचा क्रम ठरलेला. आधी दारातली जाई किती फुलली ते, मग दूधवाला, मग शेजारपाजार, मग माझा गुडघा, आणि सगळ्यात शेवटी, "जेवलीस का? खरं सांग." दिवेलागणीला कुठलं आलंय जेवण, पण विचारायची. मग म्हणायची, "बरं, ठेवू?" आणि मी काही म्हणायच्या आत, "अगं, एक राहिलंच की!" ते एक झालं की पुन्हा "ठेवू?", आणि पुन्हा एक राहिलेलंच. या बाईनं आयुष्यात स्वतःहून फोन ठेवलेला मला आठवत नाही.

तात्या शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले असायचे. मध्येच आई म्हणायची, "हे विचारत्यात गं, पाऊस हाय का तिकडं." मला चांगलं माहीत असायचं की हे काही विचारत नाहीत. पेपरचं पान उलटल्याचा आवाज तेवढा यायचा.

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. मी तात्यांना सांगलीचं घर सोडून साताऱ्याला चला म्हणाले, भांडले, रुसलेसुद्धा. "उसाला पाणी तुझा नवरा येऊन पाजणार हाय का?" एवढंच त्यांनी विचारलं. मग विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि सांगलीतल्या आमच्या नेटवाल्यानं संधी साधून तात्यांच्या गळ्यात चार कॅमेरे मारले. चोरी झाली मळ्यात आणि कॅमेरे लागले घराला! यावर मी पोटभर बोलून घेतलं. पण मनात दुसरंच चाललं होतं. त्या कॅमेऱ्यांतलं चित्र घरातल्या टीव्हीवर दिसायचं. म्हणजे तात्या घरात बसून स्वतःचंच फाटक बघत बसायचे, आणि ज्या बाईचा त्या फाटकात जीव अडकलाय ती साताऱ्यात.

चोराबिराचं मला काही नव्हतं. मला घर बघायचं होतं. फाटकाच्या खांबावर चढलेली आईची जाई, पायरीचा उडालेला टवका, तात्यांचं धोतर वाळत घातलेली दोरी. आई गेल्यावर माहेरी जाणं सुटतं असं सगळ्या बायका सांगतात. मला ते सुटू द्यायचं नव्हतं.

नेटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करायला लागतंय. आन् त्याच्या आधी घराला सोताचा पत्ता पायजे. आत्ता निम्म्या गल्लीचा मिळून एकच पत्ता हाय." म्हणजे इंटरनेटवर आमच्या घराला वेगळं असं अस्तित्वच नव्हतं. पत्त्याचं काम त्यानं करून दिलं. पुढचं मी करते म्हणाले. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, कृती वाचून क्रमानं करायची एवढं मला येतं. दोन-चार व्हिडिओ बघितले आणि तात्यांना फोन लावला. "तात्या, राऊटरचा पासवर्ड सांगा."

"लाइनवर पासवर्ड सांगत नसत्यात."

"अहो तात्या, मी आहे!"

"कोण बी आसंना. समक्ष ये." कट.

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी पकडेपर्यंत मी धुसफुसत होते. कऱ्हाड गेलं, पेठ नाक्याला गाडी आत वळली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला, तेव्हा कुठं डोक्यात आलं की या निमित्तानं तात्यांनी आपल्याला बरोबर बोलावून घेतलं असेल. विचारलं असतं तर कबूल केलं नसतं, म्हणून विचारलं नाही.

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आहे. रंग दिला तरी ओल वर येऊन ती दिसतेच. घरातली महत्त्वाची वस्तू त्या खुणेच्या वर ठेवायची, हा आमच्याकडचा नियम. राऊटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर दोन्ही तिथं वर फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी. मी लॅपटॉप घेऊन खाली बसले. तात्यांनी आधी दार लोटलं, मग वाकून माझ्या कानात पासवर्ड सांगितला. तो मी इथं लिहीत नाही, कारण तात्या हे वाचतील.

"आता मला समजून सांग, करतीयास काय," ते म्हणाले.

मी सांगितलं. घरात टीव्ही आहे, मोबाइल आहे, रेकॉर्डर आहे, पण बाहेरच्या जगाला एकच दार दिसतं, ते राऊटरचं. आतून कुणी बाहेर काही मागितलं तर राऊटर आणून देतो. पण बाहेरून कुणी न सांगता आलं तर त्याला कळत नाही याला कुणाकडं पाठवायचं, म्हणून तो दारातूनच परत लावतो. मग त्याला आधीच लिहून ठेवायचं, की बाबा रे, अमुक नंबर विचारत कुणी आलं तर त्याला रेकॉर्डरकडं पाठव. त्या नंबराला पोर्ट म्हणतात.

"म्हंजे एक्स्टेंशन की," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बाहेरनं फोन आला, ह्यो नंबर मागितला, दोरी तिकडं घातली. एवढ्याला पोर्ट फॉरवर्ड म्हंत्यात व्हय? मी जलमभर त्येच केलं की गं."

मी रेकॉर्डरला घरातला एक कायमचा पत्ता नेमून दिला, नाहीतर राऊटर बंद-चालू झाला की तो बदलतो आणि नियम चुकीच्या दाराला लागतो. मग पोर्टचे आकडे भरले, रेकॉर्डरचा आयता आलेला पासवर्ड बदलला, कारण दार उघडायचं तर कुलूप चांगलं हवं. सेव्ह केलं. राऊटरचे दिवे विझून पुन्हा लागले. मोबाइलवर उघडून बघते तर काही नाही. पुन्हा सगळं तपासलं, पुन्हा काही नाही. राऊटरला, नेटवाल्याला आणि त्या व्हिडिओवाल्यांना मी यथेच्छ नावं ठेवली. मग एका व्हिडिओच्या खाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं, की बऱ्याच राऊटरना घरातल्याच वायफायवरून बाहेरच्या पत्त्यानं बोलावलेलं चालत नाही, आधी घराबाहेर पडा. म्हणजे घर बघायचं असेल तर घर सोडायला हवं! सासरी आल्यापासून मी तेच तर करत होते.

मोबाइलचं वायफाय बंद करून मी रस्त्यावर आले, पिठाच्या गिरणीच्या वळणापर्यंत चालत गेले आणि पुन्हा उघडलं. चित्र आलं. फाटक, जाई, पायरी आणि फाटकात उभे असलेले तात्या, वर कॅमेऱ्याकडं बघत, डोळ्यांवर हात धरून. मी हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी मान वळवली असती तर मी त्यांना तशीच दिसले असते. पण ते कॅमेऱ्यात मला शोधत होते आणि मी मोबाइलमध्ये त्यांना बघत होते. एवढे बारीक दिसत होते तात्या की मला एकदम रडूच आलं. गिरणीवाल्याला वाटलं पीठ डोळ्यात गेलं. बरंच झालं.

साताऱ्याला परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दिवेलागण झाली की तात्या डोक्यावर टोपी घालून फाटकात येतात, कॅमेऱ्याखाली हात मागे बांधून उभे राहतात आणि बोलतात. चक्क बोलतात. अर्धं मिनिट नाही, चांगला चहा गार होईपर्यंत. ओठ हलतात, मान हलते, मध्ये थांबतात, पलीकडून कुणी काही म्हणाल्यासारखं ऐकतात, पुन्हा बोलतात. एकदा तर हसले. आणि आवाज नाही, कारण तो कॅमेराच मुका. नुसतं चित्र दाखवणारा.

फोनवर विचारलं, "तात्या, कॅमेऱ्याखाली काय बोलता रोज?"

"हजेरी देतोय. ठेवतो." कट.

नेटवाल्याला म्हटलं, आवाजाचा कॅमेरा लावून दे. तो नवीन कॅमेरा घेऊन गेलाही आणि तसाच परत आला. "तात्या नको म्हंत्यात, ताई. म्हंत्यात, मुका हाय त्येच बरं हाय." म्हणजे आवाज जात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. सिग्नलच्या माणसाला ते माहीत नसेल तर कुणाला? तरी ते रोज बोलत होते.

मग मला तोच नाद लागला. कॉलेजातून आले की चहा ठेवायचा, डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि वाट बघायची. नवरा चिडवायचा, "लागली का तुझी मालिका?" लागली म्हणायचे मी, आवाज तेवढा नाही. मी चित्र मोठं करून ओठ वाचायचा प्रयत्न केला, तर तोंडाच्या जागी नुसते चौकोन. कधी वाटायचं ते मला रागावतायत. कधी वाटायचं ते आईशी बोलतायत, आणि मग मी मोबाइल पालथा घालायचे, चोरून ऐकल्यासारखं वाटून. बोलून झालं की ते लगेच आत जायचे नाहीत. तसेच वर बघत थांबायचे, काही विसरल्यासारखे, आणि मग हळूहळू वळायचे. एवढा मोठा पल्ला ओलांडून चित्र माझ्यापर्यंत येत होतं आणि मला हवा होता तो आवाज फाटकातच राहत होता. मला त्यांचं बोलणं हवं होतं. बास, दुसरं काही नको होतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, घट बसले. खंडेनवमीच्या सकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी तराजूंना, बर्नरना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि मला बजावलं, "मॅडम, आज कशाला हात लावू नगा." मी नमस्कार केला, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि दुपारी घरी येऊन सवयीनं मोबाइल उघडला. चित्र नाही.

तात्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. शेजारच्या काकू फोन उचलेनात. नेटवाल्याला धारेवर धरलं तर तो बिचारा म्हणाला, "लाइन चालू हाय ताई. घरातला डबाच बंद हाय. आन् लाइट तर समद्या गल्लीला हाय."

मी नवऱ्याला चिठ्ठीबिठ्ठी न ठेवता रिक्षातूनच फोन केला आणि मिळेल त्या गाडीत बसले. ती वाट मी कशी काढली ते माझं मला माहीत. पेठ नाक्याला समोरून ट्रॅक्टर आला, त्याला पुढं झेंडूची माळ. आष्ट्यात वर्कशॉपच्या दारात हत्यारं धुऊन मांडलेली. आमच्या एसटीलाच कंडक्टरनं हार घातला होता. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते आणि डोक्यात एकच, की तात्या पडले असतील, मोरीत पडले असतील, आणि मी त्यांचा आवाज शेवटचा ऐकला तोही अर्धंच मिनिट.

फाटक उघडं होतं. मी चप्पल न काढता आत गेले. पुढच्या खोलीत पाटावर लाल कापड अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं कोयता, खुरपं, पक्कड, टेस्टर, औषध मारायचा पंप. शेजारी आईचं शिवणयंत्र, चाकाला झेंडू. आणि त्याच ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे, राऊटर, रेकॉर्डर, टीव्हीचा रिमोट आणि तात्यांचा मोबाइल. सगळ्यांना हळदकुंकू. राऊटरच्या दोन्ही शिंगांत एकेक फूल खोचलेलं.

तात्या धुतलेल्या कपड्यांत, टोपी घालून खुर्चीत बसले होते. धडधाकट. "का गं? अचानक?"

मग मात्र माझा तोल सुटला. "फोन का बंद तुमचा? राऊटर का बंद? माझा जीव जायची वेळ आली तात्या!"

"खंडेनवमी हाय. हत्यारं चालवायची नसत्यात आज."

"फोन काय हत्यार आहे?"

"मग काय हाय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "माझं तर त्येच हत्यार हुतं."

पूर्वी ही पूजा आई मांडायची. फोनलाही कुंकू लावायची आणि ते वाळायच्या आत त्याच फोनवरून मला सांगायची, पूजा झाली म्हणून. गेल्या साली ती नुकती गेलेली, सण नव्हतेच. या साली तात्यांनी एकट्यानं, नियम धरून, एकूण एक हत्यार विसाव्याला ठेवलं होतं. मी पायरीवर जाऊन बसले. तात्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि आत गेले. भांडून झाल्यावर आमच्याकडं दुसरं बोलणंच उरत नाही.

दिवेलागण झाली. तात्यांनी देवापुढं निरांजन लावलं, टोपी नीट केली आणि माझ्या बाजूनं पायऱ्या उतरून फाटकात गेले. कॅमेऱ्याखाली उभे राहिले, हात मागे बांधून. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, तात्या, रेकॉर्डर तर पूजेत आहे, आज चित्रसुद्धा जाणार नाही. पण मी हळूच उठून त्यांच्या मागं, जाईच्या आडोशाला जाऊन उभी राहिले.

"जाईला आज वंजळभर फुलं आल्यात," तात्या वर बघून म्हणाले. "लय न्हाईत. थंडी पडली की कमी हुत्यात. दूधवाल्याला बोललो, पातळ येतंय म्हणून. तो म्हणतोय म्हस बदलली. काकूंनी डाळ दिलती, मीठ जास्त हुतं, तू काय सांगू नकोस त्यांना. गुडघा कसा हाय? जिना चढताना कठडा धरत जा." थोडं थांबले, ऐकल्यासारखे. "आज तू आलीस. आल्या आल्या भांडलीस. बरं वाटलं. घरात आवाज झाला."

मी जाईचा वेल घट्ट धरून ठेवला होता.

"जेवलीस का? खरं सांग."

तो सूर आईचा होता. 'खरं' वरचा तो हेलसुद्धा. जाई, दूधवाला, शेजार, गुडघा, जेवण. एकही टप्पा न चुकता सगळा क्रम तिचा होता. पेपर पुढं धरून हा माणूस वर्षानुवर्षं ऐकत होता, आणि मला वाटायचं याचं लक्ष नाही. ऑपरेटर बोलत नाही, पण त्याच्या कानावरून सगळं जातं. आई गेल्यावर तिची लाइन तशीच लोंबत राहिली होती, ती तात्यांनी आपल्याला जमेल तशी उचलली होती. फोनवर त्यांना ते जमत नव्हतं, मागं रांग उभी असायची. मुक्या कॅमेऱ्यामागं कुणीच उभं नव्हतं, इथं कुणाची लाइन अडत नव्हती.

"बरं, ठेवू?" तात्यांनी विचारलं.

आणि वर बघत थांबले. हेच ते थांबणं. महिनोन् महिने मी साताऱ्यात डाळीच्या डब्यासमोर बसून ते बघत आले होते आणि मला वाटायचं, म्हातारा काहीतरी विसरला. विसरले नव्हते. विचारून उत्तराची वाट बघत होते.

"नको, तात्या," मी मागून म्हणाले. "एवढ्यात नका ठेवू."

त्यांनी वळून बघितलं नाही. टोपीला हात लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "व्हय, एक राहिलंच की."